दस्तगीर मिस्त्रींचा माळा

जगाच्या समकालीन कलेच्या इतिहासात कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीला कायमचं स्थान मिळालेलं आहे. हे मी उगाच म्हणत नाही, त्याला छापील आधार आहे. साताऱ्यात दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कला महोत्सवाचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ निघतो. त्यात एका तळटीपेत कुपवाडचं नाव आहे. तिथं ते कर्नाटकातलं समुद्रकाठचं गाव म्हणून दिलेलं आहे. ज्यांच्यामुळे ही तळटीप आली ते दस्तगीर मिस्त्री समुद्रकाठी कधीच गेले नाहीत. ते कुपवाडातच राहिले आणि गेल्या पावसाळ्यात तिथंच वारले.

मिस्त्री पॅटर्न बनवत. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचं लाकडी रूप करावं लागतं. ते वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. हे लाकडी रूप म्हणजे पॅटर्न. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न किंचित मोठा करतात. त्यासाठी या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा मीटर आपल्या मीटरपेक्षा साधारण एक सेंटिमीटर लांब असतो.

ही माहिती मला पुस्तकांच्या कपाटामुळे झाली. मी सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आणि कुपवाड रस्त्याला घर बांधलं. भिंतीतल्या कोनाड्यात बसेल असं कपाट कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडून करून घ्यावं म्हणून गेलो. आपण असलं काम करत नाही, असं त्यांनी सांगितलं. आठ दिवसांनी कपाट तयार होतं. उत्तम होतं, फक्त कोनाड्यात शिरत नव्हतं. मिस्त्री आले, कानामागची पेन्सिल काढून दोन ठिकाणी रेघ मारली आणि म्हणाले, "सवयीनं झालं. तुमचं कपाट गार हून आकसायचं न्हाई, हे ध्यानातच न्हाई राहिलं." मग अर्धा दिवस रंधा मारून त्यांनी ते बसवलं. त्या दिवसापासून आमची ओळख.

माणूस काटकुळा. पांढरा हाफ शर्ट, त्याच्या खिशात ती लांब मीटरची घडीची पट्टी. टोपी फक्त शुक्रवारी. डाव्या हाताचं मधलं बोट करवतीनं अर्धं नेलेलं. चष्मा पुसायचे तो भुशानं भरलेल्या शर्टाच्या टोकानंच, त्यामुळे पुसल्यावर जास्त अंधुक दिसायचा. स्तुतीचा त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'चालंल', आणि तोही वर्षातून दोनतीनदाच निघायचा. बाकी जगाबद्दलचं त्यांचं मत एका वाक्यात होतं: "गार होऊ द्या, मग मोजू." निवडणुकीतली आश्वासनं, पुतण्यानं काढलेली मोबाईलची एजन्सी, माझ्या एका लेखाला मिळालेलं बक्षीस, सगळ्यांवर त्यांनी हेच म्हटलं. बहुतेक वेळा गार झाल्यावर मोजण्यासारखं काही राहत नसे.

मिस्त्रींच्या दुकानावर पत्र्याचा माळा होता, आणि मिस्त्री म्हणजे खरं तर तो माळा. पॅटर्नवाल्यांत एक रीत आहे. पॅटर्न घडवणाऱ्याचा नसतो, घडवून घेणाऱ्या पार्टीचा असतो. पण पार्टी तो घरी नेत नाही, मिस्त्रीकडंच ठेवते, कारण कारखान्यात तो उन्हात पडतो, वाकतो, कुणीतरी त्यावर चहाची किटली ठेवतं. पुन्हा माल ओतायचा झाला की फाउंड्रीचा टेम्पो येतो, पॅटर्न नेतो, काम झालं की आणून देतो. कागद नाही, पावती नाही. पॅटर्नच्या बुडाला पार्टीचं नाव रंगवलेलं असतं, तेवढंच. मिस्त्रींच्या माळ्यावर चाळीस वर्षांचे असे शेकडो पॅटर्न होते. एकमेकांशी भांडणाऱ्या कारखान्यांचे पॅटर्न तिथं शेजारी शेजारी होते आणि ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

एकदा माझ्यासमोरच कुपवाडातला एक कारखानदार आला. त्याला दुसऱ्या कारखान्याच्या गिअरबॉक्सचा पॅटर्न पाहायचा होता. नुसता पाहायचा. "एक दिवस द्या, माप घेतो," एवढंच त्याचं म्हणणं. मिस्त्रींनी त्याला चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली आणि तो उठताना म्हणाले, "शेट, तुमचाबी वर हाय की. उद्या त्यो कुणी असाच मागितला तर काय करू ते सांगून जावा." शेट काही न सांगता गेले. मात्र त्यांनी आपला पॅटर्न तिथून हलवला नाही. मला वाटतं, त्या दिवशी त्यांचा विश्वास वाढलाच असणार.

या माळ्यावर महोत्सवाला मी नेलं.

महोत्सवाच्या पाट्यांचं मराठी भाषांतर माझ्याकडे असे. 'अवकाशाच्या मौनाची चौकशी करणारी कृती' अशी वाक्यं मी लिहिलेली आहेत. ती कुणी वाचली असतील तर त्यांची माफी मागायची माझी तयारी आहे, पण अजून तसा माणूस भेटलेला नाही. तर त्या वर्षी उत्तर युरोपातून इंग्रिड नावाच्या एक कलावंत बाई आल्या. त्यांना 'श्रमाच्या स्मृती' हव्या होत्या. संयोजकांनी विचारलं, तुमच्या भागात कुठं मिळतील. मी त्यांना सांगलीत उतरवून घेतलं आणि रिक्षानं कुपवाडला नेलं.

माळ्यावर चढल्यावर बाई एकेका आकाराजवळ जाऊन बघत राहिल्या. पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात ते लाल, पिवळे, काळे आकार रचलेले होते. कुठला भाग नंतर घासायचा आणि कुठला तसाच ठेवायचा याची ती रंगांची खूण, पण त्यांना ते कसं माहीत असणार? बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री मला म्हणाले, "भुसा गेला असंल. चोळू नका म्हणावं." हे रंग तुम्हाला कसे सुचले, असं बाईंनी माझ्यामार्फत विचारलं. दुकानात हेच तीन स्वस्त मिळतात, असं उत्तर मी जसंच्या तसं कळवलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

बाई वाईट नव्हत्या. मला त्या वाईट असत्या तर सोयीचं झालं असतं.

त्यांना पॅटर्न टांगून एक मोठी रचना करायची होती. मिस्त्रींनी बंद पडलेल्या कारखान्यांचे पॅटर्न वेगळे काढले. ज्यांच्या पार्ट्याच राहिल्या नाहीत, ते खुशाल न्या म्हणाले. पण बाईंची नजर कोपऱ्यातल्या इंपेलरवर होती. इंपेलर म्हणजे पंपाच्या पोटात फिरणारं वाकड्या पात्यांचं चाक. हा मोठा होता, परातीएवढा, सागवानाचा, आणि त्याची पाती अशी वळलेली होती की हात फिरवल्याशिवाय राहवत नसे. इस्लामपूरच्या बाजूच्या एका गावाच्या पाणीपुरवठा संस्थेचा तो पॅटर्न. नदीवरून उसाला पाणी उचलणारा त्यांचा पंप जुना, बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. इंपेलर झिजला की गावकरी मिस्त्रींकडे येत, नवा ओतून नेत आणि आणखी काही वर्षं पंप चाले.

"त्यो न्हाई द्यायचा," मिस्त्री म्हणाले. "त्याची पार्टी जिती हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी मध्ये पडलो. गेल्याच वर्षी त्यांनी नवा ओतून नेलाय, आणखी दोन वर्षं लागणार नाही, महोत्सव फेब्रुवारीत संपतो, मार्चमध्ये पॅटर्न परत, मी आहे ना मध्ये, असं सगळं मी बोललो. मिस्त्रींनी थोडा विचार केला. फाउंड्रीवाले नेतात तसंच की हे, काम झालं की परत, असं स्वतःशीच म्हणाले आणि इंपेलर खाली काढला.

दुसऱ्या आठवड्यात संयोजकांकडून दोन पानी इंग्रजी कागद आला. मी तो वाचला. त्यात लिहिलं होतं की सोबतच्या यादीतल्या सर्व वस्तूंवरचे सर्व हक्क, आजच्या आणि पुढच्या सर्व रूपांत, कायमचे कलावंताकडे जातील. मोठमोठ्या शब्दांवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. महोत्सवाच्या बाकी कागदांत जेवढा अर्थ असतो तेवढाच यातही असेल, असं मी धरून चाललो. "नेहमीचंच आहे, मिस्त्री, करा सही," असं म्हणालो आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही ठोकली. ज्याला अर्थ होता असा महोत्सवाचा तो एकच मजकूर निघाला.

उद्घाटनाला मिस्त्री आले होते. जुन्या धान्य गोदामाच्या आढ्याला त्यांची चाळीस वर्षं टांगलेली होती आणि बरोबर मध्ये, दिव्याच्या झोतात, दोन पुरुष उंचीवर इंपेलर. भाषणं झाली. एका वक्त्यानं 'वस्तूचं वस्तुपणातून मुक्त होणं' असा विषय घेतला. कसं वाटतंय, असं एका वार्ताहर मुलीनं मिस्त्रींना विचारलं. ते वर बघत म्हणाले, "टांगलंय ते बरं केलं. उंदरं लागायची न्हाईत."

मार्च आला, पॅटर्न आले नाहीत. लोकाग्रहास्तव महोत्सव एप्रिलअखेरपर्यंत वाढवला होता. मी ते मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, चालंल. तो शब्द त्यांनी त्या अर्थानं वापरल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

एप्रिलच्या मध्याला तात्या आले. तात्या म्हणजे त्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन, फौजेतून हवालदार म्हणून आलेले. पोत्यात इंपेलरचे तुकडे होते, माप घेता येणार नाही असे. पंपात दगड शिरला होता. ऊस कोवळा, वरून ऊन. तात्या पोतं ओतून निर्धास्त बसले.

"वरचा काढा, मिस्त्री. आजच फाउंड्रीत टाकू."

"वर न्हाई," मिस्त्री म्हणाले. "दिलाय."

"कुणाला?"

"साताऱ्याला. लोकांनी बघायला."

तात्यांना वाटलं चेष्टा चालली आहे. "इंपेलरात काय बघायचं असतंय?" असं म्हणून ते हसले. मिस्त्री हसले नाहीत तेव्हा तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग परत मिस्त्रींकडे, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "पर आवं, त्यो आमचा हाय न्हवं?"

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "तुमचाच हाय. आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही साताऱ्याला गेलो. संयोजक म्हणजे पुण्याचा एक सभ्य तरुण होता. त्यानं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. पूर्ण रचना एका परदेशी संग्रहालयानं घेतली होती आणि महोत्सव संपला की पेट्यांत भरली जाणार होती. त्यातला एक भाग काढला तर कृती उरत नाही, असं तो म्हणाला. मी कागदाबद्दल बोलू लागलो तेव्हा त्यानं फाइल उघडून पान माझ्यापुढे केलं. "साक्षीदार तुम्हीच आहात, सर."

मिस्त्रींनी खिशातली पट्टी काढली. मग म्हणाले, "मग एक दिवस द्या, साहेब. माप घेतो."

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. संयोजक म्हणाला की हात लावायला विम्याची परवानगी नाही, पण उत्तम दर्जाचा फोटो ईमेल करता येईल.

गोदामाच्या दाराशी जाधव नावाचे पहारेकरी होते, तेही निवृत्त फौजी. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं असावं. ते मिस्त्रींना म्हणाले, "गावाकडं आमचाबी ऊस हाय. मी जेवून येतो. तासभर लागतोय मला. शिडी त्या भिंतीला हाय, पर मी काय ती तुमाला दावली न्हाई." आणि डबा घेऊन गेले.

सत्तरी ओलांडलेले मिस्त्री शिडीवर चढले आणि मी खाली शिडी धरून उभा राहिलो. ते पट्टी लावत, आकडा सांगत, मी लिहून घेई. पात्याचा बाक ते कागद दाबून उतरवून घेत होते. लोक येत होते, जात होते. दिव्यांचं काम चाललं असेल असं त्यांना वाटलं असावं. एका बाईंनी वर बघून विचारलं की स्वच्छतागृह कुठं आहे. मिस्त्रींनी पेन्सिलीनं दिशा दाखवली आणि पायरी आहे, जपून जा, म्हणाले. ते स्वतःचीच वस्तू चोरून मोजत होते आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. खरं तर वस्तू त्यांची नव्हतीच, ते तात्यांची चोरून मोजत होते.

सगळं माप मिळालं, फक्त मधल्या भोकाचं मिळालं नाही. तार पक्की बसावी म्हणून तिथं राळ ओतली होती. बुडाला संस्थेचं नाव होतं, त्यावर काळ्या रंगाचा हात मारलेला होता.

पाच दिवसांत मिस्त्रींनी नवा पॅटर्न केला. मधलं माप आठवणीतून घेतलं. इंपेलर ओतला, पंपात बसला, पाणी चढलं. पण पंप थरथरू लागला आणि दोन महिन्यांत बेअरिंग गेलं. ते नवं घातलं, तेही गेलं. मिस्त्री दोनदा नदीवर जाऊन आले, पंपावर हात ठेवून बसले. तात्या त्यांना एकदाही बोलले नाहीत. "पाणी येतंय की, मिस्त्री," एवढंच म्हणायचे. पाऊस संपल्यावर संस्थेनं कोल्हापूरहून दुसरा पंप आणला.

मग टेम्पो येऊ लागले. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. एकाच्या कारखान्यात शेड बांधून जागा झाली होती, एकाच्या मुलाला म्हणे सगळं एका ठिकाणी हवं होतं, एकाचं ऑडिट होतं. ज्या शेटना मिस्त्रींनी चहा पाजून परत पाठवलं होतं, ते स्वतः आले आणि मिठाईचा पुडा देऊन आपला पॅटर्न घेऊन गेले. मिस्त्री प्रत्येक पॅटर्न फडक्यानं पुसून, बुडाचं नाव वाचून हातात देत. दिवाळीपर्यंत माळ्यावर भुसा आणि तीन कोळिष्टकं राहिली.

मी एकदा माफी मागायला गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून नेलं होतं. मिस्त्रींनी ते बोलूच दिलं नाही. रंधा थांबवून त्यांनी विचारलं, "तुमी त्यो कागद वाचला हुता न्हवं, सर?"

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि रंधा पुन्हा सुरू केला. पुढं आम्ही या विषयावर कधी बोललो नाही. चहा मात्र ते पूर्वीसारखाच मागवत. याचा मला जास्त त्रास झाला.

पुढच्या महोत्सवाला मिस्त्रींचा सत्कार ठरला. निमंत्रण माझ्याकडेच आलं. ते जाणार नाहीत असं मी गृहीत धरलं होतं, पण त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघाले. सत्काराशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मोठा माणूस कोण भेटतो ते बघून एकदा पॅटर्नचं विचारावं, असं त्यांच्या मनात होतं. संस्थेला आता तो पॅटर्न लागत नव्हता, याची मी त्यांना आठवण करून दिली. "लागू दे न्हाईतर न्हाई," ते म्हणाले. "त्यांच्या हातात द्यायचा हाय."

शाल झाली, नारळ झाला. इंपेलरची एक प्लास्टिकची छोटी प्रतिकृती मशिनीवर छापून घेतली होती, ती स्मृतिचिन्ह म्हणून दिली. मग दोन शब्द बोलायला सांगितलं. मिस्त्री माइकपाशी गेले आणि महोत्सवाच्या संचालकांकडे बघून म्हणाले, "आमच्या पार्टीचा एक पॅटर्न तुमच्याकडं हाय. काम झालं असंल तर परत द्या."

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मिस्त्री थांबले. टाळ्या संपल्यावर आपल्याला उत्तर मिळेल असं त्यांना वाटलं होतं. संचालकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी मिस्त्रींना मिठी मारली आणि परत जाग्यावर नेऊन बसवलं. नंतर चहाच्या वेळी ते मला म्हणाले की पूर्ण महोत्सवाचं सार त्या दोन वाक्यांत आलं होतं. त्या वाक्यांना उत्तर द्यायचं असतं, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी बिस्किट खाल्लं.

परतताना एसटीत खिडकीजवळ बसून मिस्त्रींनी ते स्मृतिचिन्ह उलटसुलट करून पाहिलं. कऱ्हाड मागं पडल्यावर ते बोलले. "पाती उलटी छापल्यात." एवढं बोलून त्यांनी ते वरच्या फळीवर ठेवलं. इस्लामपूर आलं तेव्हा ते दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघत होते. सांगलीच्या स्टँडवर उतरलो, ते शाल काखोटीला मारून कुपवाडच्या रिक्षाकडे गेले. मी त्यांना पाहिलं ते शेवटचंच. नंतर माझी शस्त्रक्रिया झाली, मुलीकडे राहावं लागलं, आणि पावसाळ्यात बातमी आली.

रिक्षा गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांच्या हातात फक्त शाल होती. चाळीस वर्षांत ज्यांनी कुणाचा पॅटर्न हरवला नाही ते ही वस्तू विसरले असतील, असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर चौकशी केली. कारकुनानं सापडलेल्या वस्तूंची वही माझ्यापुढे सरकवली. तिथं लिहिलं होतं: 'खेळण्यातला पंखा, प्लास्टिक, एक नग. फिरत नाही.'